मी तेरा वर्षं वापरलेली वस्तू: एक पांढरी गोळी

मागच्या दिवाळीत शिलाई मशीनला मोटर बसवायची होती, तेव्हा मोबाइलवर चाळीसेक रिव्ह्यू वाचले. कुणी लिहिलेलं तापते, कुणी लिहिलेलं दोन महिन्यांत पट्टा तुटला. एका मोटरीसाठी एवढा अभ्यास! आणि जी वस्तू मी तेरा वर्षं रोज वापरतेय, ती पहिल्यांदा हातात पडली तेव्हा वापरलेलं एकही माणूस विचारायला नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. नाव लिहीत नाही. खान्देशातलं तापीकाठचं गाव, ब्लाउज-फॉल-पिकोचं काम, वय चव्वेचाळीस, एवढं पुरे.

सध्याच्या गोळीचं नाव टीएलडी. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३००, डोलुटेग्राविर ५०, अशी तीन औषधं एकाच गोळीत. एचआयव्हीवरची. सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्राला, मिळते. किंमत काही नाही. दिवसाला एक, जन्मभर.

आधी माझ्याकडे ही आली कशी ते. माझे मालक ट्रकवर होते. रावेरहून केळी भरायची, दिल्लीला टाकायची, येताना मिळेल तो माल. २०१० मध्ये वारले. गावात सगळ्यांना माहीत आहे की टीबीने गेले, आणि ते खोटंही नाही, टीबी होताच. पण शेवटच्या महिन्यात तोंडात पांढरा थर आला, पाणी गिळवेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. सीडी४ नावाच्या पेशी निरोगी माणसात रक्ताच्या एका बारक्या थेंबात पाचशेच्या वर असतात. दोनशेच्या खाली आल्या की त्याला एड्स म्हणतात. मालकांच्या कागदावर ४१ लिहिलं होतं. तोवर मी एचआयव्ही आणि एड्स एकच समजत होते. एचआयव्ही हा विषाणू. त्याने वर्षानुवर्षं आतून पोखरल्यावर जी अवस्था येते ती एड्स, आणि मग टीबीसारखा दुसराच कुणी तरी येऊन माणूस नेतो.

त्यांना तो कुठे लागला, हे मी पहिली दोन वर्षं रोज विचारत होते, स्वतःलाच. धुळ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो, सुरत-नागपूर रस्ता जातो, आणि लोकांना वाटतं ड्रायव्हर म्हटला की झालंच. पण सेंटरच्या बाकावर मी शिक्षक बघितलेत, सुरतेच्या गिरणीतून आलेली पोरं बघितलीत, लग्नाला सहा महिने झालेली सून बघितली. आता विचारत नाही.

डॉक्टर म्हणाले, ताईंचंही रक्त बघून घ्या. एकाच रक्तावर तीन वेगवेगळ्या किटांनी तपासतात, तिन्हींत आला तरच आहे म्हणतात. माझ्या तिन्हींत आला. मुलाच्या एकाहीत नाही. त्याला मी दीड वर्ष अंगावर पाजलं होतं. काही उपचार घेतला नाही तर पोटात असताना, बाळंतपणात किंवा दुधातून मिळून शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होते, असं समुपदेशक मॅडमनी सांगितलं. मी फक्त उरलेल्यांचा आकडा धरून बसले. तो पोरगा आज वीस वर्षांचा आहे. आता गरोदर बाईची तपासणी होते, आईला गोळ्या, बाळाला जन्मल्याबरोबर औषध, आणि लागण होण्याची शक्यता अगदी थोडी राहते. माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही विचारलं नाही.

मॅडमच्या टेबलावर कंडोम कसा वापरायचा ते दाखवायला एक लाकडी नमुना असतो. मी एकटी बाई आत आले हे बघून त्यांनी त्यावर पटकन रुमाल टाकला. तेवढ्या रडण्यातही मला हसू आलं होतं.

हा विषाणू करतो काय, हे मला पुस्तकातून कधी कळलं नसतं. मी टेलर आहे म्हटल्यावर मॅडमनी कापडाच्या भाषेत सांगितलं. म्हणाल्या, बाई, हा स्वतः काही शिवू शकत नाही, याच्याकडे मशीनच नाही. याच्याकडे आहे फक्त कागदाचा साचा. तो सीडी४ पेशीत शिरतो, म्हणजे जी पेशी बाकीच्या सैन्याला हुकूम देते तिच्यातच. तिथे आपल्या कागदी साच्यावरून कापडाचा तुकडा बेततो. मग तो तुकडा तुमच्या पेशीच्या मूळ कापडात शिवून टाकतो, असा बारीक टाका की जोड दिसू नये. आता तुमचीच मशीन, तुमचाच दोरा, आणि ती पेशी तुमचं काम समजून त्याचेच कपडे शिवत बसते, शेवटी झिजून मरते.

मी विचारलं, उसवता येत नाही का? म्हणाल्या, उसवायला गेलं तर कापडच फाटेल. शिवाय काही पेशी तो तुकडा पोटात घेऊन वर्षानुवर्षं नुसत्या झोपून राहतात. गोळी बंद केली की काही आठवड्यांत त्या जाग्या होतात. म्हणून जन्मभर.

गोळीतली दोन औषधं बेतणं अडवतात: खोट्या दोऱ्यासारखी आत जातात आणि बेतता बेतताच दोरा संपतो. तिसरं, डोलुटेग्राविर, तो शिवणारी सुईच धरून ठेवतं. एकट्या औषधाला हा विषाणू फसवतो. नक्कल करताना इतक्या चुका करतो की त्यातली एखादी चूक त्याच्या फायद्याची निघते आणि औषध लागू पडेनासं होतं. तिघांना एकदम फसवणं त्याला जमत नाही, पण तिघंही रोज हजर पाहिजेत. महिन्याच्या तीस गोळ्यांत एकापेक्षा जास्त चुकू नये. सेंटरला उरलेल्या गोळ्या मोजतात, पोरांच्या वह्या तपासाव्यात तशा.

मला सुरुवातीला गोळी दिलीच नाही. सीडी४ ३८९ निघाला होता आणि तेव्हा आकडा बराच खाली गेल्याशिवाय सुरू करायचा नियम नव्हता. दर सहा महिन्यांनी जायचं, रक्त द्यायचं, परत यायचं. आजार आहे पण औषधाइतका नाही, ही काय भानगड, हे मला कधी समजलं नाही. २०१२ मध्ये ३०६ आला आणि सुरू झाली. २०१७ पासून तो नियमच गेला. आता निदान झालं की आकडा कितीही असो, गोळी सुरू.

आतापर्यंत मी तीन मॉडेल वापरली.

पहिलं झिडोवुडिनवालं, सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने. त्याने रक्त कमी झालं, हिमोग्लोबिन पावणेआठावर आलं, पायडल मारताना धाप लागायची. आणि नखं काळी-निळी पडली. बाकी कुठे पडली असती तर चाललं असतं, पण टेलरच्या हाताकडेच गिऱ्हाईक बघतं. कुणी विचारलं तर रंगीत कापडाचा रंग लागतो सांगायची. पाचपैकी दोन तारे, तेही जिवंत ठेवलं म्हणून.

२०१४ मध्ये दुसरं दिलं, त्यात एफाविरेंझ होतं. एकच गोळी, रात्री झोपताना. हिमोग्लोबिन चढलं, नखं हळूहळू उजळली. पण स्वप्नं! सगळ्या गावाचे ब्लाउज मी उलट्या बाजूने शिवलेत आणि बायका दारात उभ्या आहेत. इतकं खरं की उठून दिवा लावून कपाट बघायची. तेलकट खाल्लं की ही गोळी अंगात जास्त चढते, हे मॅडमनी सांगितलं होतं. पण आमच्याकडे लग्नकार्यात तर्रीची शेवभाजी खाऊन गोळी घेतली की पलंग तापीत सोडल्यासारखा हलायचा. तीन तारे.

तिसरं म्हणजे हे, २०२१ पासून. चक्कर नाही, स्वप्नं नाहीत. पहिले पंधरा दिवस झोप उशिरा लागली, मग मॅडम म्हणाल्या सकाळी घ्या. पण मला रात्री नऊची सवय, ती मोडली नाही, आणि झोप आपोआप आली. गोळी मोठी आहे, लांबट, पाणी भरपूर लागतं. चघळलीत तर तोंड दिवसभर कडू. गुडघ्यासाठी कॅल्शियम चालू होतं, ते उपाशीपोटी हिच्याबरोबर घेऊ नका सांगितलं, ही अंगाला लागत नाही. आता कॅल्शियम दुपारी घेते. वजन मात्र वाढतं. ते मला काट्याने कळलं नाही. माझ्या स्वतःच्या ब्लाउजला मी आत दीड इंच माया ठेवते. तीन वर्षांत ती सगळी उसवून झाली, चौतीसचा अडतीस झाला. मालक गेले तेव्हा मनगटातून बांगड्या गळत होत्या, त्यामुळे या तक्रारीत फारसा दम नाही.

मुख्य गोष्ट, काम करते का? रक्तात विषाणू किती आहे ते वर्षातून एकदा मोजतात, त्याला व्हायरल लोड म्हणतात. माझ्या कागदावर ही चार वर्षं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतं. म्हणजे आहे, पण मोजणाऱ्या यंत्राला सापडत नाही. आणि असं टिकून राहिलं तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही, हे आता जगभर मान्य आहे. सून झालेल्या त्या पोरीला मी हे बाकावर बसून सांगितलं, तर ती म्हणाली, मावशी, हे सासरी कोण मानेल?

एक प्रसंग लिहिते, कारण याच्याइतकं खरं मला दुसरं काही वाटलं नाही. २०१३ ची लग्नसराई. एका नवरीचा ब्लाउज, मोरपंखी ब्रोकेड, हूक लावत होते. सुई बोटात गेली. आमच्या धंद्यात दिवसातून चारदा जाते. थेंब नेमका अस्तरावर पडला. मी तो ब्लाउज तसाच चुलीत घातला. तसंच कापड शोधायला जळगावला गेले, फुले मार्केटमध्ये तीन तास फिरले, घरचे पैसे घालून रात्रीत दुसरा शिवला. महिनाभर डोळ्यापुढे तो थेंब. शेवटी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हा विषाणू शरीराबाहेर फार बापुडा असतो, वाळलेल्या थेंबातून कुणाला लागण झालेली नाही. असुरक्षित संबंध, बाधित रक्त, दुसऱ्याला टोचलेली सुई किंवा सिरिंज आणि आईकडून बाळाला; याखेरीज त्याला वाट नाही. डासातूनही नाही, डासाच्या पोटात तो वाढत नाही, पचून जातो. भांड्यातून नाही, संडासातून नाही, शिवलेल्या ब्लाउजातून तर नाहीच. आणि तुमच्या रक्तात तरी आता किती उरलाय?

टेलर लोकांची एक जुनी युक्ती आहे: कापडावर आपल्या रक्ताचा डाग पडला तर आपलीच थुंकी लावायची, लगेच निघतो. मी परत ती करायला लागले. पण ते मोरपंखी ब्रोकेड अजून चुटपुट लावतं.

आता बाटली. खरी तक्रार इथे आहे.

एक, बाटली वाजते. तीस गोळ्या, प्लास्टिकची बाटली, आणि आमचे रस्ते. एसटी खड्ड्यात गेली की पिशवीत खुळखुळा वाजल्यासारखं. आता तीन महिन्यांच्या एकदम देतात, म्हणजे तीन खुळखुळे. सेंटरवरून निघताना मी प्रत्येक बाटलीत वरून कापूस दाबते. बाकावरच्या निम्म्या बायकांच्या पिशवीत कापसाचा गुंडाळा असतो, कुणी कुणाला शिकवलं नाही. पूर्वी मी गोळ्या काढून मेतकुटाच्या डब्यात ठेवायची, त्यावर मॅडम ओरडल्या: दमट होतात, आतली ती छोटी पुडीही फेकायची नाही, ती ओल शोषते.

दोन, लेबल. नाव एवढं ठळक की दुकानातल्या पोरानेही वाचावं. गरम पाण्याचा बोळा फिरवून मी नावापुरतं खरवडते, मुदतीची तारीख ठेवते.

तीन, बाटलीवर लिहिलंय ३० अंशांच्या खाली ठेवा. लिहिणाऱ्याने मे महिन्यात भुसावळला येऊन दाखवावं. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखाली तर विचारू नका. फ्रिजची गरज नाही, ऊन न लागणारी घरातली सगळ्यात गार जागा शोधा, असं सेंटरवर सांगितलं. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे माठाची तिवई. तिच्या मागे भिंतीत कोनाडा आहे, तिथे असते.

सेंटरबद्दल थोडं. वजन होतं, चार प्रश्न विचारतात: खोकला, ताप, वजन घटलं का, रात्री घाम येतो का. हे टीबीसाठी. एचआयव्हीवाल्याला सगळ्यात जास्त तोच मारतो, म्हणून दर खेपेला विचारतात, कंटाळा करू नका, मालकांना वेळेवर कुणी विचारलं असतं तर, असो. औषध संपलंय म्हणून मला कधी परत पाठवलं नाही. लॉकडाऊनमध्ये दोन महिन्यांचं आधीच हातात ठेवलं होतं. एकदाच माझी चूक झाली: आखाजीला माहेरी गेले आणि बाटली इकडेच राहिली. तीन दिवस झोक्यावर बसून गाणी म्हटली आणि आतून पोटात गोळा. येऊन स्वतः सांगितलं. व्यवस्थित झापलं त्यांनी.

वाईट काय, तर बाक. तो औषधाच्या मोठ्या खिडकीसमोर आहे. कुत्रं चावल्याचं इंजेक्शन घ्यायला गावातलं कुणी तरी येतंच, आणि मग: काय वं, इकडे कुठे? मी बीपीची म्हणते. एकदा नव्या पोराने नाव, आडनाव, गाव असं खणखणीत पुकारलं. मी उठलेच नाही, शेवटच्या गाडीने घरी आले. पुढच्या खेपेला तक्रार केली, आता नंबर पुकारतात. एसटीचा मोफत प्रवासाचा पासही आम्हाला मिळतो, पण त्यावर कसला पास ते कंडक्टरला कळतं. बायकांना आता अर्धं तिकीट झालंय. मी अर्धे पैसे भरते आणि खिडकीपाशी बसते.

एका खासगी दातांच्या दवाखान्यात मी खरं सांगितलं. दाढ काढायची होती. डॉक्टर आत गेले, बाहेर येऊन म्हणाले स्पेशल किट लागेल, चार हजार जास्त, आणि तेही पुढच्या महिन्यात बघू. २०१७ चा कायदा आहे, २०१८ पासून लागू, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाही आणि आम्हाला विचारल्याशिवाय कुणाला सांगताही येत नाही. हे मला घरी आल्यावर आठवलं. दाढ सरकारी दवाखान्यात काढली, साध्या हातमोज्यांत, वीस मिनिटांत. जे प्रत्येक पेशंटला करायचं तेच केलं.

किमतीबद्दल मुलाने वाचून दाखवलं ते सांगते. अमेरिकेत १९८१ मध्ये हा आजार पहिल्यांदा कागदावर आला, पॅरिसच्या लोकांनी १९८३ मध्ये विषाणू शोधला, आणि आपल्याकडे १९८६ मध्ये चेन्नईत पहिल्यांदा सापडला. ज्या डॉक्टरीणबाईंनी शोधला त्या सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. मला उगाच बरं वाटलं. नव्वदीत तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार निघाला, पण वर्षाचे दहा हजार डॉलर आणि वर. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तसाच तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला आणि २००४ च्या एक एप्रिलपासून सरकारने फुकट द्यायला सुरुवात केली. माझी सुरू झाली तेव्हा फक्त आठ वर्षं झाली होती. दहा वर्षं आधी हीच वेळ आली असती तर मशीन विकूनही दोन महिन्यांच्या आल्या नसत्या. आज देशात पंचवीस लाखांच्या आसपास लोक हा विषाणू अंगात घेऊन आहेत, राज्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रात.

मॅडमबद्दल एक राहिलं. २०१५ मध्ये त्यांनी मला कापड आणून दिलं, दार लावून तिथेच माप घेतलं. माझा आजार माहीत असलेलं पहिलं गिऱ्हाईक. मी जीव ओतून शिवला. पंधरा दिवसांनी परत घेऊन आल्या, म्हणाल्या बाही सैल आहे, आणि शिलाई जास्त लावलीस, वीस रुपये कमी कर. पण मी कमी केले नाहीत.

घरी सासूबाईंना अजून बीपीची गोळी माहीत आहे. पोरगा टीबीने गेला आणि सुनेला बीपी, एवढंच. नऊ वाजले की ओट्यावरून आवाज येतो, “गोयी लिधी का वं?” त्यांना घड्याळ कळत नाही, मालिकेच्या गाण्यावरून कळतं. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या आजी त्यांना म्हणाल्या, तुनी सून कशी ठणठणीत शे, माले बी तिनामाईन एक गोयी दे ना माय. सासूबाई कोनाड्यापर्यंत पोचल्याही होत्या. तेव्हापासून बाटलीच्या पुढे मी हळदीची बरणी ठेवते.

पाचपैकी साडेचार. अर्धा बाटलीच्या आवाजाचा. तपासणीचं कुणाला विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

माझ्या बाटलीत आता अकरा उरल्यात, पुढच्या गुरुवारची तारीख आहे. मॅडमच्या मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज त्याच दिवशी न्यायचाय आणि त्याचे हूक अजून लावायचे राहिलेत.